सोळा मागांच्या घरातला कॉम्प्युटर

भिवंडीतल्या आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी नसायची. पाण्याचा हंडा, पिठाचा डबा, शिवणयंत्र, रेडिओ, टीव्ही, दुधाचं पातेलं, झोपलेलं तान्हं बाळ, सगळ्यांवर फडकं. घराच्या मागच्या भिंतीला लागून बाबांचा कारखाना होता, सोळा मागांचा, आणि मधल्या दारातून दिवसभर रुई उडत यायची. भातावर बसायची, पापण्यांवर बसायची, देवाच्या समईतल्या तेलात तरंगायची. त्यामुळे आईचा अर्धा जन्म झाकण्यात गेला. कारखान्यातलं कोरं कापड ती चौकोनी फाडायची, कडा दुमडून शिवायची आणि ज्याच्या त्याच्या मापाचं फडकं करून ठेवायची. खिडक्यांना आणि मधल्या दाराला तर ओलं करून पिळलेलं कापड लावायची, म्हणजे रुई त्यावरच चिकटते. मी पहिल्यांदा खारबावला मामाकडे राहायला गेले तेव्हा मामीने उघड्या टोपातून खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण वाढलं, तर मला ते कसंतरीच वाटलं होतं.

आवाजाचंही तसंच. पाहुणे आमच्याकडे आले की पाच मिनिटांत कपाळ धरायचे आणि आम्ही विचारायचो, काय होतंय तुम्हाला. सोळा माग सोळा तालांत आपटत असायचे, फरशी थरथरायची, कपाटातल्या बशा किणकिणायच्या, आणि आम्हाला त्यातलं काही ऐकूच यायचं नाही. ऐकू यायचं ते एखादा माग बंद पडला की. बाबा जेवता जेवता घास हातात धरून म्हणायचे, "अकरा नंबर थांबला," आणि खरंच थांबलेला असायचा. आता मी काल्हेरला सातव्या मजल्यावर राहते. इथे इतकी शांतता असते की पहिल्या वर्षी मला दुपारची झोपच लागत नव्हती.

कॉम्प्युटरकडे यायच्या आधी माझी कीर्ती सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. लहानपणी मी खोटं फार बोलायचे. वाईट हेतूने नाही, नुसतं बोलायला मजा यायची म्हणून. चौथीत असताना मी वर्गात ठोकून दिलं, की रविवारी आमच्या कारखान्यात सिनेमाचं शूटिंग आहे. रविवारी सकाळी अर्धी गल्ली नवे कपडे घालून, पावडर लावून आमच्या दारात हजर. बाबांनी सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मग माझी पाठ चांगली शेकली. तेव्हापासून मी शूटिंगवाली. पुढे मी बारावी झाले, ठाण्याला जाऊन टायपिंग आणि डीटीपी शिकले, तरी माझ्या कुठल्याही बोलण्यावर घरातलं कुणीतरी हळूच म्हणायचंच, "शूटिंग तं न्हाय ना?"

बाबांनी कॉम्प्युटर घेतला तो माझ्या हट्टापायी. अंबाडीच्या एका प्रेसवाल्याने लग्नपत्रिका टाइप करायचं काम मला द्यायचं कबूल केलं होतं. बाबा स्वतः सातवी शिकलेले. ते आधी नको म्हणाले, मग महिनाभर काहीच म्हणाले नाहीत, आणि एक दिवस टेम्पोतून तीन खोकी उतरवून घेतली. आईने मॉनिटरला हळदकुंकू लावलं. टेबल बाहेरच्या खोलीत मांडलं, त्याची पाठ मधल्या दाराकडे आणि तोंड उजेडाकडे. काकांचा मुलगा दिनेश काल्हेरहून मुद्दाम बघायला आला. त्याने तिथे एका गोदामात नुकतंच ऑफिस थाटलं होतं. त्याने खुर्चीवर बसून दोन गिरक्या घेतल्या आणि बाबांना म्हणाला, "काका, हिला न्हाय जमलं तं मना द्या." सगळे हसले. मीही हसले, पण मला त्याचा राग आला होता.

पंधरा दिवस सगळं झकास चाललं. मग एका सकाळी मी नवऱ्यामुलाच्या आत्याचं नाव टाइप करत होते आणि मधेच अक्षरं उमटायची थांबली. माउस हलवला, बाण हलेना. कळा दाबल्या, काही नाही. पडदा जसाच्या तसा, रंग जसेच्या तसे, नुसता जीव गेलेला. शेवटी बटण दाबून बंद केला आणि तासाभराचं काम पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी दोनदा झालं. मग चार दिवस काही नाही. त्याला ना वेळ होती ना काळ. पत्रिका छोटी असो वा मोठी, सकाळ असो वा दुपार, त्याच्या मनाला आलं की तो थिजायचा. त्याला हँग होणं म्हणतात हे मला ठाऊक होतं, पण बाबांना सांगताना मी "बसला" म्हणायचे, कारण त्यांचे माग बसायचे.

ज्यांच्याकडून घेतला होता त्या ठाण्याच्या दुकानातला इंजिनिअर तीन वेळा येऊन गेला. सज्जन माणूस होता, हातात छोटी पेटी, खिशात चार पेनं. तो यायचा त्या दिवशी कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा वागायचा. तो दोन दोन तास बसायचा, खेळ लावून बघायचा, आई त्याला पोहे द्यायची, चहा द्यायची, आणि मशीन एकदासुद्धा बसायचं नाही. तिसऱ्या खेपेला तो बाबांना म्हणाला, "मशीन ओके आहे काका. ताई घाईघाईत काहीतरी चुकीचं दाबत असतील." तो गेल्यावर बाबा माझ्यासमोर बसले.

"पोरी, खरं बोल. काय दाबलंस?"

"काय न्हाय दाबलं बाबा."

"मंग त्याच्यासमोर कसा न्हाय बसत? तुझ्यासमोरच कसा बसतो?"

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठून कारखान्यात गेले. माझ्या लक्षात आलं की ते मला कामचुकार समजतायत. काम झेपत नाही म्हणून मशिनीवर ढकलतेय, असं. मी त्या रात्री जेवले नाही. आयुष्यात कधी नव्हे ती मी अक्षर न अक्षर खरं सांगत होते आणि कुणी ऐकत नव्हतं.

ऐकलं ते इस्माईल मिस्त्रींनी. ते आमच्याकडे माग दुरुस्त करायचे, मूळचे उत्तरेकडचे, पण त्यांची हयात भिवंडीत गेलेली. मधल्या दारात उकिडवे बसून ते चहा प्यायचे. एकदा मी कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी उपटून पुन्हा लावत होते, सोबत प्रोग्रॅमही बदलत होते, ते त्यांनी पाहिलं.

"बिटिया, एक बार में एक ही नट छेड़ो," ते म्हणाले. "दो छेड़ोगी तो मालूम कैसे पड़ेगा किससे ठीक हुआ? एक बदलो, फिर चलने दो. देखो. फिर दूसरा."

आणि निघताना त्यांनी सवयीने माझ्या मॉनिटरला हाताची मागची बाजू लावून पाहिली, जशी ते मागाच्या मोटरला लावत. मग स्वतःशीच हसले आणि गेले.

मग मी त्यांच्याच पद्धतीने बसले. कारखान्यात कापडात दोष आला की कारीगर त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधतो, म्हणजे पुढे तपासणाऱ्याला तो सापडतो. मी भिंतीवरच्या कॅलेंडरला तेच केलं. मशीन बसलं की त्या तारखेच्या चौकोनात सुईने एक लाल दोरा ओवायचा. आधी व्होल्टेजवर संशय घेतला. बाबांनी कारखान्यातला जुना स्टॅबिलायझर दिला. आठ दिवस बाकी काही बदललं नाही. दोरे पडतच राहिले. मग हादऱ्यावर संशय घेतला. टेबल भिंतीपासून हलवलं, पायांखाली मागाखाली घालतात तसे रबराचे तुकडे घातले. आठ दिवस. दोरे पडतच राहिले. दोन महिन्यांत कॅलेंडर कशिदा काढल्यासारखं दिसायला लागलं, आणि तेव्हा मला एक गोष्ट दिसली. शुक्रवारच्या रांगेत एकही दोरा नव्हता.

शुक्रवारी भिवंडीत कारखान्यांना सुट्टी. म्हणजे माग बंद असले की मशीन बसत नाही. मी धावत जाऊन बाबांना कॅलेंडर दाखवलं. बाबांनी ते निरखून पाहिलं, दोऱ्यावरून बोट फिरवलं, आणि म्हणाले, "शुक्रवारी तू बसतंस किती? जेमतेम घडीभर. पावनं येतात, कपरं धुवायचं असतात." ते खरंच होतं. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. मी म्हटलं, मग कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी, एक तास माग थांबवून बघू या.

चालत्या शिफ्टमध्ये सगळे माग थांबवायचे म्हणजे काय, हे मागवाल्याच्या मुलीला सांगायला नको. आजोबा गेले त्या दिवशी थांबले होते, त्यानंतर कधी नाही. बाबा माझ्याकडे बघतच राहिले. पण मिस्त्री तिथेच होते. "लड़की ठीक बोलती है सेठ," ते म्हणाले. "बाकी सब वैसा ही रहे, सिर्फ़ लूम बंद. तब पता चलेगा." बाबांनी बोटांवर तासाभराच्या कापडाचा हिशोब केला. मग म्हणाले, "एक तास देतो. त्यात न्हाय बसला तं मी मानलं, लूमचा दोष, मशीन दुसरीकडं बसवू. पन बसला, तं रविवारी काल्हेरला जाईल. दिनेशकडं. मंग मना परत काय बोलायचं न्हाय."

मी हो म्हटलं. मला इतकी खात्री होती की मी हसत हो म्हटलं.

सोमवारी सकाळी दहाला बाबांनी स्वतः कारखान्याचा मेन स्विच खाली ओढला. माग एकेक करून दम टाकत थांबले. आणि मग आमच्या घरात कावळा ऐकू आला. नळ ठिबकतोय हे कळलं. आईच्या बांगड्या स्वयंपाकघरातून स्पष्ट ऐकू येत होत्या. कारीगर मधल्या दारात येऊन उभे राहिले, काही मागांखाली झाडू मारायला लागले, कारण अशी संधी कधी मिळत नाही. मी एका पत्रिकेला सुरुवात केली. वीस मिनिटं झाली. बाबा खुर्चीच्या मागे उभे. अर्धा तास झाला. मिस्त्रींनी मला मानेने इशारा केला, चालू दे. मी पत्रिकेतल्या 'आमच्या विनंतीस मान देऊन' या ओळीवर आले होते, आणि 'मान' शब्दावर अक्षरं थांबली.

मी माउस हलवला. मग पुन्हा हलवला. दारातला कुणीतरी कारीगर घशात हसला. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "चलो, चलू करो," ते दाराकडे बघून म्हणाले, आणि मग मला, हळू आवाजात, "रविवारी टेम्पो येल." सोळा माग पुन्हा धडधडायला लागले. दारातली माणसं पांगली. मिस्त्री जाताना माझ्याकडे न बघता गेले, ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी तशीच बसून राहिले. रडले की नाही आठवत नाही. एवढं आठवतं की मी हात सहज कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर टेकवला आणि झटकन उचलला. तव्यावरून भाकरी उतरवताना बोट लागावं तसं झालं. मी मिस्त्रींसारखी हाताची मागची बाजू लावली. मग उठून टेबलामागे गेले. कॅबिनेटची आणि मॉनिटरची पूर्ण पाठ एका कोऱ्या फडक्याने झाकलेली होती. नीट कडा दुमडून शिवलेलं, मापाचं, दुहेरी, ओलं करून पिळलेलं. मी ते उचललं आणि आतला पंखा माझ्या तोंडावर गरम वाफ सोडायला लागला.

ते फडकं मी रोज पाहत होते, वायरी लावताना बाजूलाही सारत होते. मॉनिटरच्या डोक्यावरून त्याची कड दिसायची. पण आमच्या घरात फडकं ही काही बघायची गोष्ट नव्हती, जशी आवाज ही ऐकायची गोष्ट नव्हती. दोन महिने मी व्होल्टेज मोजलं, हादरे मोजले, दोरे ओवले, आणि जे डोळ्यांसमोर लटकत होतं ते मोजण्यात धरलंच नाही. आता एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. इंजिनिअर यायचा तेव्हा आई सगळी फडकी काढून ठेवायची, कारण पाहुण्यासमोर नवी वस्तू झाकलेली बरी दिसत नाही. पहिले पंधरा दिवस त्याच्या मापाचं फडकं शिवून व्हायचं होतं. शुक्रवारी रुईच नाही, तर फडकंही नाही. धुवून वाळत घातलेलं असलं की मशीन चाले. आणि आज कारीगरांनी झाडू मारला, रुई ढगासारखी उठली, म्हणून आईने काळजीने ते दुहेरी करून टाकलं होतं, मी टायपिंगमध्ये असताना, मॉनिटरमागे दारात जमलेल्या गर्दीतून वाट काढून. मशीन आतल्या आत उकडत होतं आणि थिजत होतं.

तरी मी मिस्त्रींचा नियम पाळला. फडकं काढून, मशीन थंड करून दोन तास चालवलं, माग चालू असताना. बसलं नाही. मग फडकं ओलं करून परत टाकलं. चाळीस मिनिटांत बसलं. चार वाजले होते. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं म्हणून आई ताटात भाकरी आणि सुकट घेऊन आली, ताटावर अर्थात फडकं.

मी तिला बोलले. खूप बोलले. आई ऐकत उभी राहिली. तिला मधे मधे बोलायची सवय नव्हतीच. माझं संपल्यावर तिने कॅबिनेटच्या मागे हात नेला, ती वाफ हाताला लागू दिली, आणि विचारलं, "म्हंजे याला वारा लागतो? मानसासारका?"

"हां."

तिने ताट माझ्यापुढे सरकवलं. "खाऊन घे गो. भाकर निवेल." मग तिने पदर खोचला आणि मधल्या दारातून कारखान्यात गेली.

आई शिफ्ट चालू असताना कारखान्यात कधी जात नसे. मला ती दारातून दिसत होती. मागांच्या दोन रांगांमधून ती सरळ बाबांपर्यंत गेली आणि बोलायला लागली. ऐकू काहीच येत नव्हतं. त्या गोंगाटात सगळे ओठांवरूनच समजायचे, बाबाही. मला आईची पाठ दिसत होती आणि बाबांचा चेहरा. बाबा काहीतरी बोलले. आई हलली नाही. बाबा पुन्हा बोलले. आई पुन्हा हलली नाही. मला वाटलं ती माफी मागतेय.

मग बाबा चालत गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. एकाच दिवसात दुसऱ्यांदा. माग थांबले. कारीगर माना वळवून बघायला लागले, आणि बाबा त्यांच्या त्या भिवंडीच्या हिंदीत म्हणाले, "सुनो सब लोग. मशीन में बिगाड़ था, सच्ची में था. मेरी पोरी ने खुद ढूँढके निकाला. सुबे वो झूठ नय बोली थी. बस. चलू करो."

मी दाराच्या अलीकडे भाकरीचा तुकडा हातात घेऊन उभी होते. मिस्त्रींनी लांबून मला सलाम केला. बाबांनी संध्याकाळी काल्हेरला फोन लावला आणि टेम्पो पाठवू नको म्हणून सांगितलं, कारण मात्र सांगितलं नाही. पुढे मी त्या कॉम्प्युटरवर सहा वर्षं काम केलं. टेबल आतल्या खोलीत हलवलं, तिथे रुई कमी यायची. शूटिंगवाली हे नाव त्या दिवसानंतर मी घरात पुन्हा ऐकलं नाही. इतकी वर्षं मी ही गोष्ट लोकांना सांगत आले, ती माझ्या बाबांच्या न्यायाची गोष्ट म्हणून. चूक झाली तर सगळ्यांसमोर कबूल करणारा माणूस, असं मी म्हणायचे, आणि माझ्या मुलांनाही तसंच सांगितलं.

आई गेल्यानंतरच्या वर्षी बाबा माझ्याकडे राहायला आले होते. दुपारी बाल्कनीत बसले असताना मी तो दिवस काढला आणि त्यांचं कौतुक केलं. बाबांना ऐकू कमी येत असे, मला मोठ्याने बोलावं लागलं. ते खाली रस्त्यावरच्या ट्रकांकडे बघत होते.

"मी कुठं काय केलं," ते म्हणाले. "मी तिला बोल्लू, घरात जाऊन पोरीला सांगतो, खरी व्हतीस म्हणून. ती बोल्ली, न्हाय. कपरा मी टाकला, मना काय बोलायचं ते बोला. पन पोरीला सकाली तुमी सगल्यांसमोर खोटी पारली, आता सगल्यांसमोरच खरी बोला. तवर मी हितून हलनार न्हाय." बाबा हसले. "मी बोल्लू, लूम परत थांबवू? ती बोल्ली, थांबवा."

त्या दुपारी, भाकरीचं ताट हातात धरून उभ्या असलेल्या आईला मी काय म्हणाले होते ते बाबांना माहीत नव्हतं. आईने त्यांना कधी सांगितलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मी म्हणाले होते, "अंगठेबहाद्दर माणसाने मशिनीला हात कशाला लावावा? तुझ्यापायी माझी इज्जत गेली." ते ऐकून घेऊनच ती कारखान्यात गेली होती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आज लिहून ठेवते.